कप्प्यातला गारवा

दिवाळीला इंद्रजीतदादा पुण्याहून घरी आला नाही, आणि दिवाळी झाली तसा पप्पांनी मला कॉम्प्युटर घेऊन दिला. चक्क मला. आमच्याकडं नवीन वस्तू आधी दादाची, तो कंटाळला की माझी. सायकल तशीच, मोबाइल तसाच. हा मात्र खोक्यातून थेट माझ्यासमोर उघडला. शेजारच्या भागूबाईंना पप्पा म्हणाले, "तनूला डोकं हाय." मी ते आतून ऐकलं. तेव्हापासून मी वर्गात कुणी न विचारता हात वर करायला लागले. खरंच.

आमचं घर गारखेड्यात. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात पप्पांनी टेबल करून घेतलं, थेट भिंतीत ठोकून. खाली कप्पा, त्याला सनमायकाचं दार. कॉम्प्युटरचा डबा त्या कप्प्यात. धूळ बसत नाही, असं सुतार म्हणाला. पप्पांच्या अटी दोनच होत्या. टेबल हलवायचं नाही, आणि रोज तिथंच बसायचं, अभ्यासालासुद्धा. मला वाटलं, शिस्त लावतायत.

आता खिडकी बंद करून कूलर लावला तर काय होतं हे आपल्या गावात लहान पोरालाही कळतं. हवा कोंडते आणि माणूस चिकचिक होतो. बंद कप्प्यात कॉम्प्युटरचं तेच झालं. मार्च लागला तसा तो तापायला लागला. व्हिडिओचे तुकडे जोडायला घेतले की पंखा घरघरायचा, स्क्रीन गोठायची, आणि दार उघडलं की तोंडावर तव्यासारखी धग.

मी रडत बसले नाही. गरम हवा वर जाते, एवढं तर विज्ञानात शिकलोय. मी सुताराकडून ड्रिल मागून आणलं. दारात खाली भोकं पाडली, गार हवा आत यायला. बाजूच्या फळीत वर मोठं भोक पाडून भंगारातून आणलेला जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला, गरम हवा बाहेर फेकायला. धूळ अडवायला दाराच्या भोकांवर आईच्या जुन्या ओढणीचा तुकडा ताणला. आई खोलीच्या दारात उभी राहून बघत होती. तिनं ओढणीबद्दल काही म्हटलं नाही. फक्त विचारलं, भोकं पाडायलाच पाहिजे होती का. पप्पांनी वाकून प्रत्येक भोकावरून बोट फिरवलं आणि शाबास म्हणाले.

जमलं. कॉम्प्युटर गार राहायला लागला. मग जास्तच गार.

उन्हाळा वाढत गेला. गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगावर घेववेना, आणि माझ्या पायांना टेबलाखाली गारवा लागायचा, माठाला पाय टेकल्यासारखा. वर्गात सांगितलं तर प्रांजली म्हणाली, तनुजानं फ्रीज बनवलाय, आता गुलमंडीत कुल्फीचा गाडा लाव. सगळे हसले, मीही हसले. पण विज्ञानाच्या मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, पंखा नुसती हवा हलवतो. खोलीपेक्षा गार तो करूच शकत नाही. तुला नुसतं वाटतंय, मोजून बघ. त्यांनी प्रयोगशाळेतला थर्मामीटर दिला. मी तो खोलीत ठेवला, मग कप्प्यात. कप्प्यात पारा उतरला. कॉम्प्युटर बंद करून पाहिलं, पंख्याची वायर काढून पाहिलं. तरी उतरला.

म्हणजे हवा कुठून तरी येत होती. हवा दिसत नाही, धूर दिसतो. आईनं खुलताबादहून आणलेला ऊद होता, धुपासारखा जाळायचा. रविवारी दुपारी पप्पा आडवे झाले होते आणि आई स्वयंपाकघरात होती. मी खोलीचं दार लावलं, छताचा पंखा बंद केला, कप्प्यातल्या पंख्याची वायर काढलेलीच होती. टेबलासमोर फरशीवर बसले आणि पेटवलेल्या उदाची वाटी भोकांपुढं धरली.

धूर सरळ वर गेला. मग वाकला आणि भोकांतून आत शिरला.

मी खूश झाले. भिंतीत फट असणार.

मग धूर बाहेर आला. तेवढाच, तेवढ्याच वेगानं. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. ओढणीचा तुकडा आत ओढला जात होता आणि फुगत होता.

मी बघत राहिले. थोड्या वेळानं लक्षात आलं. मी श्वास सोडला की धूर आत जात होता. मी घेतला की बाहेर येत होता.

मी श्वास रोखला.

धूर जागीच उभा राहिला.

छाती दुखेपर्यंत मी थांबले. तोही थांबला. मग मला राहवलं नाही, मी श्वास घेतला, आणि त्यानं सोडला. उदाचा वास यायला हवा होता. नुसता ओल्या मातीचा आला.

मी दादाला फोन लावला. मला वाटलं, तो हसेल, वेडी म्हणेल, आणि मला बरं वाटेल. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं.

"तुला कुठं बसवलंय?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं.

"तिथं माझं अभ्यासाचं टेबल होतं," दादा म्हणाला. "मी आईला सांगून आलो होतो, तनूला तिथं बसवू नका म्हणून. तिनं देवाची शपथ घेतली होती."

तो पुढंही बोलत होता, की म्हणूनच तो येत नाही, की तू ये इकडं. मला नीट ऐकू येत नव्हतं. मला ते खोकं आठवत होतं, माझ्यासमोर उघडलेलं. तनूला डोकं हाय. मला डोकं आहे म्हणून नव्हतं ते. दादाची जागा रिकामी झाली होती, एवढंच. आमच्या घरात दादानंतरचं सगळं मला मिळतं, तसंच हेही मिळालं होतं.

पप्पा उठल्यावर मी उदाची वाटी त्यांच्यासमोर ठेवली आणि कप्प्यात काय आहे ते विचारलं. ते खोटं बोलले असते तर चाललं असतं.

"कुणीतरी बसलेलं लागतं तिथं," पप्पा म्हणाले. "काही करत नाय ते."

"दादाला केलं नाय?"

"दादा बसला की नाय चार वर्षं? बारावीपर्यंत बस, तनू. मग बघू."

मी आईकडं पाहिलं. ती भाजी निवडत होती. तिनं एक काडी उचलली, मोडली, बाजूला ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मी पप्पांना नाही म्हणाले. मी तिथं बसणार नाही. कॉम्प्युटर परत करा, विका, काहीही करा. माझा आवाज लई मोठा झाला असणार, कारण भागूबाई कंपाउंडपाशी येऊन उभ्या राहिल्या. पप्पा चिडले नाहीत. बरं म्हणाले. बसू नको.

मला वाटलं, मी जिंकले. मी प्रांजलीकडं गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथंच थांबले, तिला काही न सांगता.

घरी आले तर कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत मांडलेला होता, टीव्हीशेजारी. मागच्या खोलीतलं टेबल होतं तिथंच होतं, फक्त कप्प्याचं दार बिजागरीतून काढलेलं. आणि माझा पलंग त्याला लावून ठेवलेला, उशाशी उघडा कप्पा.

आई चादर घालत होती. कोपऱ्यांवर घड्या नीट बसवत होती, पाहुणे येणार असल्यासारख्या.

"इथं गार वाटंल तुला," ती म्हणाली. माझ्याकडं न बघता.

तिनं माझी उशी झटकून कप्प्याच्या बाजूला ठेवली. मग जरा थांबली. ती उशी थोडी सरकवली, आणि शेजारी, कप्प्याच्या तोंडाशी, दुसरी ठेवली.