दोर सोडायचं गाणं

पबमधलं शुक्रवारचं गाणं तुम्ही पोरं पुन्हा सुरू करताय, चांगलं करताय. मीही येईन. पण शेवटचं गाणं माझ्याकडे मागू नका. का, ते ऐका. तेव्हा गाणी म्हणायचा तो डेन्झिल माझ्या शेजारचा, म्हणून मला ठाऊक.

अकरा वर्षं झाली. चौदा नोव्हेंबर, शुक्रवार. मासेमारीला गेलेल्या धाकट्या भावासाठी, पेरनसाठी, गरम पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, घेऊन डेन्झिल धक्क्यावर गेला. पेरनची होडी अजून लागली नव्हती. आठ वाजता पेरन वायरलेसवर म्हणाला होता, "बंदराच्या तोंडाशी आलोय, अर्ध्या तासात येतो." मग डेन्झिल पबमध्ये आला आणि गाऊ लागला. तो ओळ टाकायचा, आम्ही झेलायचो.

शेवटचं, दोर सोडायचं गाणं सगळ्या होड्या लागल्यावरच म्हणायचं, हा इथला रिवाज. पण पबचा नवा मॅनेजर शहरातला.

"डेन्झ, आता शेवटचं होऊ दे. सुट्टीला आलेले पाहुणे त्यासाठीच बसलेत."

"पेरन बाहेर आहे."

"तोंडाशी आहे म्हणजे आलाच की. नाहीतर राहू दे. पुढच्या शुक्रवारपासून गाण्याऐवजी प्रश्नमंजूषा ठेवतो."

"ठेवा," मी म्हणालो. "पहिला प्रश्न विचारा, मासा पाण्यात राहतो का फ्रीजमध्ये."

सगळे हसले. डेन्झिल हसला नाही. जाळी ठेवायच्या माळ्याची कुणाची तरी निजायची खोली झाली होती. प्रार्थनाघरात सुट्टीपुरती भाडेकरू मंडळी. शुक्रवारही गेला असता, तर गावात आमचं म्हणून काय उरलं असतं?

त्याने घड्याळ पाहिलं. नऊ चाळीस.

"लागली असेल होडी," तो म्हणाला. मी त्याला अडवलं नाही. हेही सांगून ठेवतो.

त्याने ओळ टाकली, "सोडा गड्यांनो, दोर सोडा..."

"सोडला," आम्ही म्हणालो.

आणि मग, एक ठोका उशिरा, बाहेरून...

"धरलाय."

डेन्झिल थबकला. पाहुणे खूश झाले. त्यांना वाटलं, बाहेर आम्हीच कुणाला तरी उभं केलंय. एक बाई म्हणाली, "किती छान बसवलंय." ते टाळ्यांचा ठेका धरू लागले. पुढची ओळ त्यांनीच म्हटली. आमच्यातल्या कुणी ती झेलली नाही. तेच ओरडले, "सोडला."

"धरलाय..." आता आवाज लांब होता.

पेरनचाच आवाज.

डेन्झिल दाराकडे धावला. मध्ये माणसं. फोन वर धरलेले. टाळ्या. तो ढकलत राहिला. कुणी हटेना.

तिसऱ्यांदा पाहुणे म्हणाले, "सोडला."

बाहेरून काही आलं नाही.

आम्ही धक्क्यावर पोचलो. धक्क्यावर एकोणीस घरं, त्यातल्या सतरांना कुलूप, सुट्टीपुरतीच उघडणारी. कुणी ऐकलं असेल, असं विचारायलासुद्धा कुणी नाही. पाणी काळं. वारा नाही...

पहाटे होडी मिळाली, बंदराच्या तोंडाशी, उलटी. पेरन मिळाला नाही.

सकाळी मी डेन्झिलकडे गेलो. तो स्वयंपाकघरात बसला होता, हात टेबलावर उताणे ठेवून. पबमध्ये त्याच्या हातात फक्त पेला होता, नंतर धक्क्यावर तोही नाही, मी शेजारीच उभा होतो. आणि दोन्ही तळव्यांची कातडी सोलून निघाली होती, आडवी, भरधाव सुटलेला दोर घासत जातो तशी. आत हिरवे धागे रुतलेले, पेरनच्या होडीचा दोर हिरवा होता.

मी चिमट्याने काढू लागलो.

"राहू दे," तो म्हणाला.