उलटं बसवलेलं दार

डाग म्हणजे काय हो, घासला की जातो. निदान मिस्त्रीच्या थोरल्या बहिणीचा तरी तसा ठाम समज होता. सकाळपासून ती बाह्या सरसावून भावाच्या स्वयंपाकघरात उभी होती. शेगडीमागच्या फरशा, ओट्याच्या कडा, कपाटांची तेलकट दारं... सोडा, लिंबू, गरम पाणी, सगळं लावून झालं. दुपारी एक बाई घर बघायला येणार होती. घर म्हणजे घर नव्हे हो, घरधनी! वहिनी गेल्यापासून घराला अवकळा आली, आता भावाचं पुन्हा लग्न लावायचंच, असं ताईनं मनावर घेतलं होतं.

सगळं लख्ख झालं, राहिला एकच डाग. वरच्या कपाटाच्या दारावर पाची बोटांसकट उमटलेला तळहात. हे कपाट मिस्त्रीनं स्वतः बनवलं होतं, चांगली पितळी मूठ बसवून दिली होती. पण बायकोनं त्या मुठीला कधी हात लावला असेल तर शपथ! काम करता करता तेलाच्या हातानंच दार ढकलून लावायची. "अगं, मूठ काय शोभेला आहे?" हा करवादायचा. ती नुसती हसायची.

"जात कसा नाही मेला!" ताई घामाघूम झाली होती.

"राहू दे ना, ताई."

"राहू दे? येणाऱ्या बाईनं काय पहिल्याच दिवशी हिचा हात बघायचा?"

मिस्त्रीनं दाराकडे पाहिलं. त्या डागावर आपण कितीदा आपला तळहात ठेवून उभे राहतो, हे बहिणीला कोणत्या तोंडानं सांगणार? पुसायला मन धजत नव्हतं आणि ताईचा शब्द मोडवत नव्हता. शेवटी त्यानं सुताराची युक्ती काढली. दार उतरवलं, उलटं केलं आणि बिजागऱ्या, मूठ सगळं नव्यानं बसवलं. डाग आत गेला, कोरी बाजू बाहेर आली. ताईही खूश, हातही शाबूत.

दार लावून तो वळला. मागे हलकेच आवाज झाला. पाहतो तर दार उघडं.

"काम ढिलं पडलं रे तुझं," ताई हसली.

त्यानं पुन्हा लावलं. ते पुन्हा सावकाश उघडलं. दार सरळ आहे का, ते ओळंबा लावून पाहिलं, सगळं बिनचूक होतं. तिसऱ्यांदा लावून त्यानं दारावर बोट टेकवून ठेवलं, आणि पलीकडून रेटा आला. वाऱ्याचा नव्हे, माणसाचा.

बायकोचा हात दार ढकलतच होता. फक्त आता आतून.

"ताई... हे दार..."

"बाहेरून कडी लाव बघू. येतीलच आता ती मंडळी."

त्यानं कडी बसवली, सरकवली. दार एकदा दबकं वाजलं आणि गप्प झालं. लिंबा-सोड्याच्या वासात फटीतून तापलेल्या तेलाचा वास येऊ लागला.

बेल वाजली. ताई बाहेर धावली. "या, या! घर शोधायला त्रास नाही ना झाला?" एक अनोळखी, गोड आवाज काहीतरी म्हणाला. मिस्त्रीनं जायला हवं होतं, पण पाय उचलेनात. त्याला भीती वाटत होती, आणि बायको हवीही होती.

आत काहीतरी करकरलं. सुताराचाच कान तो, त्याला कुणी सांगायला नको. लाकडातून स्क्रू सुटत होता. बिजागऱ्यांचे स्क्रू सगळे आतल्या अंगाला होते. टप्प... एक फळीवर पडला. दुसरा फिरू लागला.

पेचकस तर मिस्त्रीच्याच हातात होता.

"अरे, येतोयस ना?" बाहेरून ताईची हाक आली.

दाराला गाल टेकवून तो कुजबुजला, "सावकाश गं... नखं दुखतील."

आतला आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. या वेळी खरंच सावकाश.