काचेआडचे दोघे

ठेव तो मोबाइल बाजूला. अंधारात दिसणारी दुर्बीण मागवायचीय ना तुला? मागव बाबा, पैसे तुझ्या बापाचे. पण कुठली ते तरी ठरव. एक असते ती आहे तेवढाच उजेड वाढवून दाखवते. मिट्ट काळोखात ती ठार आंधळी. दुसरी उजेड बघतच नाही, ऊब बघते. माणूस, कुत्रं, नुकतंच बंद केलेलं इंजिन, सगळं पांढरं. गार ते काळं. माझ्या दुर्बिणींच्या दुकानात गिऱ्हाइकांना हेच समजावण्यात माझी हयात गेली. आमच्या सुतारालाही समजावलं होतं. हसू नका रे, त्याच्या बाबतीत घडलेलं सांगतोय.

माझ्या दुकानातली कपाटं त्याच्याच हातची. घरात तो आणि त्याचे वडील, दोघंच. म्हाताऱ्याला विसर पडायला लागला होता, स्वतःचं घरसुद्धा ओळखेना. डिसेंबरात एका संध्याकाळी अनवाणीच बाहेर पडला, तो गेलाच. घरामागे पुरुषभर गवताचं रान. पोलिसांनी शोधलं, शेजाऱ्यांनी शोधलं, मग जो तो आपापल्या कामाला लागला. सुतार मात्र माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, ऊब दिसणारी द्या. अण्णा जिवंत असले तर दिसतील ना?"

दिली. चार गोष्टी बजावून सांगितल्या, पण त्याचं लक्ष होतं कुठे!

एकोणीस डिसेंबर, गुरुवारची रात्र. दुकान बंद करायला उशीर झाला होता, अकराच्या सुमारास मी जेवायला बसलो आणि त्याचा फोन आला. आवाजात इतका आनंद, की मलाही क्षणभर बरं वाटलं.

"काका, दिसले! गवतात दोघं आहेत. अण्णा बसलेत, आणि त्यांच्या मागे कुणीतरी उभं आहे. सांभाळत असेल हो त्यांना कुणीतरी! कालही दिसले होते. धावत गेलो की कुणी नसतं, परत येऊन बसलो की पुन्हा तिथंच."

"तू कुठून बघतोयस?"

"मागच्या खोलीतून. खिडकीशी खुर्ची टाकलीय."

"खिडकी उघडी आहे?"

"छे, वारा केवढा झोंबतो."

माझा घास हातातच राहिला. म्हटलं, "अरे राजा, काचेतून ऊब आरपार जात नाही. त्या दुर्बिणीला काच म्हणजे आरसा. तुला रान दिसतच नाहीये. तो बसलेला... तूच आहेस."

"काका..."

"बोल."

"मग मागचा?"

वळून बघ म्हणवेना. बघू नकोस, असंही म्हणवेना. खुर्ची सरकली. मग त्याचा आवाज, अगदी हळू...

"अण्णा?"

पुढे काही नाही. फोन चालूच होता...

उजाडता उजाडता मी त्याच्या घरी पोचलो. तो खोलीच्या दारात, जमिनीवर बसलेला. रात्रभर तिथेच होता.

"कुणी नव्हतं, काका," म्हणाला. "मागे वळलो तर कुणीच नव्हतं. पण आता बाहेर शोधून काय करू? जिवंत माणूस असा येतो का?"

इतके दिवस तो एका आशेवर उभा होता, ती त्या सकाळी संपली. त्यानंतर त्या रानाकडे त्याने कधी पाऊल टाकलं नाही. अण्णाही कुणाला सापडले नाहीत.

निघताना त्याने दुर्बीण माझ्या हातात कोंबली. चालू आहे का बघावं म्हणून मी ती डोळ्याला लावली. गारठलेली खोली, सगळी काळी. खुर्चीच्या पाठीवर मात्र हाताचा पंजा होता. पांढराशुभ्र. पाचही बोटं पसरलेली.

टेबलावर हात ठेवून उचला, उबेचा असा ठसा जरा वेळात विझून जातो. आणि रात्रीपासून त्या खुर्चीजवळ कुणी गेलं नव्हतं.

मी पुढे झालो. त्या पंज्यावर आपला हात ठेवला.

लाकूड बर्फासारखं गार होतं.