लाल हातोडा

बाबांच्या टेकडीवरून ताज्या ग्रॅनाइटचा तुकडा आणायचा होता. ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पार या खनिजात किंचित शिसं असतं. त्या शिशाच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजलं की हा खडक कोणत्या जुन्या भूकवचातून वितळून वर आला, ते कळतं. या टेकडीखाली आमच्या पिलबारा प्रदेशातलं सगळ्यांत जुनं कवच आहे, असं बाबा छातीठोकपणे सांगत. पण त्यांच्या नमुन्यात बाहेरचं शिसं मिसळलंय, असं प्रयोगशाळेनं कळवलं. ते कुठून आलं, हे काही कळलं नाही. पुन्हा जायचं राहून गेलं आणि या हिवाळ्यात बाबाच गेले.

आम्ही तिघं निघालो. मी, बाबांचे जुने जोडीदार क्लॅरीकाका आणि लोर्नामावशी. ही भूमी तिच्या न्यामल लोकांची, इथल्या मूळ रहिवाशांची. गाडी काठावर ठेवून आम्ही नदीच्या पात्रात उतरलो. पात्रात वाळू आणि अधूनमधून डबकी. मावशीनं मूठभर वाळू पाण्यात टाकली.

"नदीला नाव सांग तुझं. आमची रीत आहे."

"मी ब्रॉनी. इव्हानची मुलगी."

"जरा मोठ्यानं! तुझा बाप ओरडायचा तेव्हा मासे पळायचे."

काटेरी गवत पोटऱ्या सोलत होतं आणि खडक तव्यासारखे तापले होते. धापा टाकत माथा गाठला. बाबांनी खडक फोडला होता ती खाच अजून तशीच होती. मी त्यांचा हातोडा उगारला.

"थांब!" काका ओरडले. "आधी ती अंगठी काढ, तिचा धातू नमुन्याला लागेल. आणि हे काय गं?"

खाचेच्या कडेला लाल डाग होते. काकांनी हातोड्याकडे पाहिलं आणि मटकन खाली बसले.

"हरवू नये म्हणून इव्हाननं त्याला लाल रंग फासला होता. जुना, शिशाचा रंग!"

"म्हणजे शिसं शोधायला हा शिसं घेऊनच आला होता?" मावशी म्हणाली.

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, इतके ते हसले. मीही हसले. कितीतरी दिवसांनी.

काकांच्या बिनरंगी हातोड्यानं तुकडा काढला आणि आम्ही परत फिरलो. आकाश निरभ्र होतं. पण वरच्या अंगाला वादळी पाऊस पडून गेला होता. आम्ही पात्राच्या मधोमध असताना गर्जना ऐकू आली.

"खडकावर चढा!" मावशी किंचाळली.

गढूळ लोंढा आला! मावशी चढली. मी चढले. काकांचा पाय निसटला! मी लाल हातोड्याचं टोक खडकाच्या भेगेत ठोकलं, कमरेचा दोर त्याच्या दांड्याला बांधला, फेकला. काकांनी तो पकडला. पाठीवरची नमुन्याची पिशवी त्यांना खाली ओढत होती.

"पिशवी सोडा, काका!"

"सोडली तर इव्हान स्वप्नात येऊन हाणेल मला!"

"मी सांगते, सोडा!"

त्यांनी सोडली नाही. आम्ही दोघींनी ओढलं. हातोडा करकरला, पण हलला नाही. काका पिशवीसकट वर आले आणि पाणी ओकत म्हणाले, "चहा आहे का?"

संध्याकाळी पाणी उतरलं. हातोडा मात्र भेगेतून निघेना. तिथेच ठेवून आलो.

पुढे अहवाल आला. टेकडीखाली खरोखरच त्या ग्रॅनाइटहून जुनं कवच होतं. मात्र पिलबारातलं सगळ्यांत जुनं नव्हे.

"अर्धं बरोबर," मावशी म्हणाली. "इव्हानच्या मानानं पुष्कळ झालं!"

तो अहवाल मी नदीकाठी उभी राहून वाचला. मोठ्यानं. मासे पळाले असावेत.