ट्रेलरमागून हात करणारं कोणी

ही गोष्ट खरी आहे.

आजवर मी ती दोघांनाच सांगितली. एक शेरीफकडचा डेप्युटी, म्हणजे इथला पोलीस, आणि दुसरे आमच्या चर्चचे पास्टर. दोघांनीही ऐकून घेतली. दोघांनीही शेवटी एकच विचारलं, "मार्लिस, झोप लागते ना नीट?"

झोप लागते. पण झोपेने काही पुसलं जात नाही.

घडलं ते इथेच, साउथ डकोटात, मिसुरी नदीच्या मोठ्या जलाशयाच्या काठी. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. लोकांना वाटतं, असलं काही रात्रीच घडतं.

हे उजेडात घडलं...

आर्डिथ माझी थोरली बहीण. व्हर्लिन तिचा नवरा. त्यांना मूलबाळ नव्हतं, पण एक ट्रेलर होता. पिकअपच्या मागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, जेवायचं टेबल, सगळं. दर उन्हाळ्यात दोघं ते घर घेऊन निघायची, ती बर्फ पडायच्या आधी परत.

व्हर्लिनने जन्मभर शाळेची बस चालवली. पण ट्रेलर मागे घ्यायची वेळ आली की त्याची गाळण उडायची. ट्रेलरचं तसंच असतं. चाक उजवीकडे वळवलं की तो डावीकडे जातो. म्हणून आर्डिथ खाली उतरायची आणि हात करून सांगायची. आणि दर वेळी भांडण.

"डावीकडे घे, व्हर्लिन."

"कुणाच्या डावीकडे?"

"ज्या हातात लग्नाची अंगठी आहे ना, त्या हाताच्या."

"ती तर तूच विकायला निघाली होतीस."

"गिऱ्हाईक मिळालं नाही. घे आता मागे."

आजूबाजूचे कॅम्पवाले खुर्च्या वळवून बसायचे. फुकटचा तमाशा.

एक गोष्ट मात्र आर्डिथ कधी चुकली नाही. ती नेहमी ड्रायव्हरच्या बाजूला, जरा लांब उभी राहायची. त्याला आरशात दिसेल अशी. ट्रेलरच्या मधोमध मागे कधीच नाही. "मधोमध उभा राहतो तो मूर्ख," म्हणायची. "ड्रायव्हरला दिसत नाही आणि चिरडून मरतो."

त्या वर्षी फेब्रुवारीत ती गेली. पोटात दुखतं म्हणून डॉक्टरकडे गेली, आणि बर्फ वितळायच्या आत संपलंसुद्धा. जमीन इतकी गोठलेली होती की पुरायला वसंतापर्यंत थांबावं लागलं.

व्हर्लिन बोलायचाच थांबला. मी आठवड्यातून एकदा कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेलं जेवणाचं भांडं, घेऊन जायची. मागच्या वेळचं भांडं तसंच फ्रीजमध्ये असायचं. वरचा कागदही काढलेला नसायचा.

सप्टेंबरमध्ये त्याचा फोन आला.

"ट्रेलर विकायचाय. त्याआधी एकदा नेऊन आणतो. येतेस?"

"तू भांडणार नसशील तर येते."

"तुझ्याशी कसलं भांडायचं. तुला कुठे येतं भांडायला."

इतक्या महिन्यांत त्याने केलेली पहिली थट्टा. मी लगेच हो म्हटलं.

निघायच्या दिवशी पाहिलं तर ट्रेलरच्या मागे, वरच्या कडेला, एक छोटा कॅमेरा बसवलेला. नवा कोरा, त्यानेच बसवला होता. त्याची वायर पुढे आणलेली, आणि डॅशबोर्डवर हाताच्या पंजाएवढा पडदा.

"हे कशाला?"

"आता मागे उभं राहायला कोण आहे?" तो म्हणाला.

मी माझी बॅग आत ठेवली.

पहिला दिवस चांगला गेला. दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत, वारा, मधूनच काळ्या गुरांचे कळप. पडद्यावर मागचा रस्ता पळत होता. मला ते पाहायला आवडतसुद्धा होतं.

दुपार कलली तेव्हा आम्ही कॅम्पवर पोचलो. हंगाम संपलेला. एकही दुसरी गाडी नाही.

"मी उतरू का? मागे बघते," मी म्हणाले.

"बस. कॅमेरा आहे ना."

त्याने रिव्हर्स टाकला. मी सहज पडद्याकडे पाहिलं...

मागे कोणीतरी उभं होतं.

ट्रेलरच्या अगदी मधोमध. दोन्ही हात वर. तळवे स्वतःकडे वळवलेले. ये, मागे ये... असा हात करत होतं.

चेहरा दिसत नव्हता. ऊन मागून येत होतं. अंगात काहीतरी लांब, फिकट होतं.

मला वाटलं, कॅम्पची देखरेख करणारं कोणी असेल. व्हर्लिनने एका दमात ट्रेलर आत घातला. जन्मात जमलं नव्हतं ते त्या दिवशी जमलं. एकदाही पुढेमागे करावं लागलं नाही.

मी आभार मानायला खाली उतरले.

मागे कोणी नव्हतं.

गवत गुडघाभर उंच होतं, थेट पाण्यापर्यंत. कुठेही तुडवलेलं नाही. वारा चालू होता, गवत हलत होतं... पण आवाज येत नव्हता. पक्ष्यांचा नाही, पाण्याचा नाही, गवताचाही नाही.

"व्हर्लिन, तो माणूस कुठे गेला?"

"कोण माणूस?"

तो चाकांना ठोकळे लावत होता. त्याने वर पाहिलं नाही. पण तो हसत होता.

फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा मी त्याला हसताना पाहिलं. म्हणून पुढे काही विचारवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा तो त्याच्या बिछान्यात नव्हता. पिकअपमध्ये बसला होता. इंजिन चालू. मांडीवर कॉफीचा कप, भरलेला आणि गार.

"काय बघतोयस?"

"काही नाही. रस्ता."

आम्ही कॅम्पवर उभे होतो. मागे रस्ता नव्हताच. मी वाकून पडद्याकडे पाहिलं. गवत, आणि पलीकडे पाणी. बस्स.

पण ज्या जागी काल ते उभं होतं, तिथलं गवत...

तेवढंच हलत नव्हतं.

आम्ही पुढे निघालो. मी मुद्दाम बडबडत होते. शेजाऱ्यांचं कुत्रं, चर्चमधला भाजीचा बाजार, काय वाटेल ते. तो "हं" करत होता. नजर समोर कमी, पडद्यावर जास्त.

रस्ता सरळ आणि मोकळा. पडद्यावर मागचा डांबरी पट्टा लांब लांब जात होता.

आणि त्या पट्ट्याच्या मधोमध... ते उभं होतं.

हात करत होतं. ये, मागे ये.

आम्ही वेगात होतो. ते लहान होत गेलं, ठिपका झालं, दिसेनासं झालं. मी श्वास सोडला.

पुढचं वळण घेतलं. रस्ता पुन्हा सरळ झाला.

ते पुन्हा तिथेच. तेवढ्याच अंतरावर. पुन्हा हात.

मी माझ्या बाजूच्या आरशात पाहिलं. मोकळा रस्ता. पडद्यावर पाहिलं. ते होतं. आरसा, पडदा. आरसा, पडदा.

व्हर्लिनने वेग कमी केला.

"थांबू नकोस," मी म्हणाले.

"तुला दिसतंय?"

"थांबू नकोस, व्हर्लिन."

पुढच्या गावात पेट्रोल पंपावर त्याने गाडी लावली. तो उतरायच्या आत मी पडद्याची वायर ओढायला गेले. त्याने माझं मनगट धरलं. जोरात नाही. अगदी हळू.

"राहू दे, मार्लिस."

"ती आर्डिथ नाहीये."

तो पडद्याकडेच बघत राहिला.

"ऐकतोयस का? आर्डिथ कधी मधोमध उभी राहिली का? एकदा तरी? तूच सांग."

"नाही."

"आणि आर्डिथ अशी गोडीगुलाबीने हात करायची का? चार शिव्या घातल्याशिवाय तिने तुला कधी ट्रेलर लावू दिला?"

"नाही गं."

"मग?"

"मला माहीत आहे ती नाहीये."

मला वाटलं होतं तो वाद घालेल, रडेल. तो नुसता थकलेला दिसत होता.

"मला कालच कळलं," तो म्हणाला. "पण मार्लिस, फेब्रुवारीपासून मला कुणी 'ये' म्हटलेलं नाही."

"मी येते ना दर आठवड्याला."

"तू येतेस. तू चांगली आहेस. पण तू कॅसरोल ठेवून जातेस."

 

मी त्याला म्हटलं, आपण आत्ताच्या आत्ता घरी जायचं. गाडीची किल्ली मी काढून घेतली. मी म्हटलं, कॅमेरा बंद केल्याशिवाय ही मिळणार नाही. तो वाद न घालता पुढे वाकला. पडद्याची वायर उपटून काढली आणि गुंडाळून माझ्या हातात दिली.

"झालं समाधान?"

"झालं."

मी वायर जाकिटाच्या खिशात घातली. पडदा काळा झाला. मी त्याला किल्ली दिली.

परतीच्या वाटेवर तो बराच बरा वाटत होता. त्याने मला चीज आणि मांसाच्या सुक्या काड्या घेऊन दिल्या. आर्डिथने एकदा चालत्या ट्रेलरच्या छपरावर कॉफीची किटली विसरली होती, ती गोष्ट सांगितली. मी ती आधी ऐकलेली होती, तरी हसले. मला वाटलं, गेलं. टळलं.

पुढे रस्ता दुरुस्तीसाठी बंद होता. नारिंगी पिंपं आडवी लावलेली. बाजूला खडीची एक वाट जलाशयाकडे जात होती. पूर्वी होड्या उतरवायची जागा. आता काठ खचून तिथे नुसता उंच कडा उरला होता, खाली पाणी.

"या वाटेत जरासा मागे घेऊन वळवतो," तो म्हणाला. "तू उतर, बघ जरा. कॅमेरा तर तू खिशात घातलास."

यात वावगं काहीच नव्हतं. ट्रेलर वळवायला दुसरी जागाच नव्हती.

मी उतरले. आर्डिथ उभी राहायची तशीच उभी राहिले. ड्रायव्हरच्या बाजूला, जरा लांब. आरशात मला त्याचा चेहरा दिसत होता. म्हणजे त्यालाही मी दिसत असणार.

मागचे दिवे लागले. ट्रेलर मागे येऊ लागला.

सरळ. अगदी सरळ.

पुरेसं मागे आल्यावर मी मूठ वर केली. थांब.

तो थांबला नाही.

मी दोन्ही हात वर केले. ओरडले. आरशात त्याचा चेहरा तसाच दिसत होता, पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. त्याची मान खाली होती... डॅशबोर्डकडे.

ट्रेलर माझ्या शेजारून मागे गेला. मग पिकअप. खिडकीची काच खाली होती. मी दाराला हात घातला, दार उघडेना. मी त्याला हाका मारत बरोबर धावले.

त्याच्या चेहऱ्यावर निळसर उजेड पडला होता.

पडदा चालू होता.

आणि मला त्याचा आवाज ऐकू आला. घाबरलेला नाही, दुःखीही नाही. बायकोने जेवायला हाक मारल्यावर नवरा ओ देतो तसा साधा, रोजचा आवाज.

"आलो गं. आलो."

दार माझ्या हातातून सुटलं...

आधी ट्रेलर गेला. त्याने पिकअपला ओढून नेलं.

मी कड्यावर पालथी पडले होते. खाली पाणी थोडा वेळ पांढरं झालं आणि मग सपाट झालं. परत तेच. आवाज नाही. वारा होता, पण आवाज नव्हता.

पाणबुड्यांनी पिकअप दुसऱ्या दिवशी वर काढला. गिअर रिव्हर्समध्येच होता. सीटबेल्ट लावलेला. त्याने तो सोडायचा प्रयत्नच केला नव्हता.

डेप्युटी तरुण होता, सभ्य होता. म्हणाला, "मॅडम, पडद्याला वीजच नव्हती. तुम्ही पाण्यावरची चमक पाहिली असेल काचेत."

मी खिशातून वायर काढून त्याच्या टेबलावर ठेवली. त्याने ती उचलून उलटसुलट पाहिली. मग त्याने विचारलं, झोप लागते ना नीट.

व्हर्लिनला आर्डिथच्या शेजारीच पुरलं. चर्चच्या तळघरात हॅम सँडविच आणि कॉफी होती. सगळ्यांनी मला मिठी मारली, आणि सगळे तेच म्हणाले. शेजारीण म्हणाली, पास्टर म्हणाले, बसमध्ये त्याच्या मागे बसून मोठी झालेली पोरं म्हणाली...

"रडू नकोस, मार्लिस. आता ती दोघं एकत्र आहेत."

मी मान हलवली. काय सांगणार?

व्हर्लिनला ज्याने बोलावलं, ती माझी बहीण नव्हती. त्याला ते माहीत होतं. तरी तो गेला. म्हणजे तो आता आर्डिथजवळ नाही. तो त्याच्याजवळ आहे... ते जे काही होतं, त्याच्याजवळ.

आणि माझी बहीण जिथे कुठे आहे, तिथे एकटी आहे. तो येईल म्हणून वाट बघत असेल.

मी दर रविवारी दफनभूमीत जाते. आर्डिथच्या बाजूला फुलं ठेवते. तिला गावातलं काय काय सांगते.

ती विचारत असेल, व्हर्लिन कुठे राहिला...

तेवढं सोडून सगळं सांगते.