पाहुणीला अक्षत

घर बांधायला आलेल्या माणसाला खोल्या किती हव्यात हे मी शेवटी विचारतो. आधी विचारतो, तुमच्याकडे येतं कोण, आणि आलं की बसतं कुठे? बेळगावात सव्वीस वर्षं हाच धंदा करतोय. या प्रश्नाला नवरे गडबडतात आणि बायकोकडे बघतात. बायका मात्र सुरू झाल्या की थांबत नाहीत.

माधवीही थांबली नाही. टिळकवाडीतल्या माझ्या ऑफिसात ती सासरे आणि नवऱ्याबरोबर आली होती. सासरे भावकू आप्पा, जांबोटी रस्त्याला त्यांची भातशेती. नवरा महादेव शहरात बँकेत, आणि ती शाळेत शिक्षिका. शेताच्या वरच्या अंगाला, रस्त्यालगत घर बांधायचं होतं.

"सर, आमच्याकडं माणसं लई येतात," ती म्हणाली. "ह्यांचे बँकेतले, माझ्या शाळेतल्या बायका, मामंजींचे गाववाले. सगळे सोप्यात हसत बसतात आणि मी आत भिंतीकडं तोंड करून भाकऱ्या थापते. दहा वर्षं झाली. कोण काय बोललं म्हणून हसले, ते मला दुसऱ्या दिवशी कळतं. बाकी तुम्हाला पायजे ते करा. माझी पाठ तेवढी माणसांकडं नको."

भावकू आप्पा हसले. "हिला सैपाक करत करत गप्पा पायजेत, सायेब. करा तसं."

बोलता बोलता तिने डाव्या मनगटावरचं घड्याळ बघितलं. तबकडी आतल्या बाजूला वळवलेली होती. वर्गात पोरांना कळू न देता वेळ बघायची सवय, असं तिनेच सांगितलं.

मला ती बाई आवडली. काय हवं ते नेमकं सांगणारं गिऱ्हाईक वर्षातून एखादंच भेटतं. मी सोपा म्हणजे पुढची बैठक, जेवणाची जागा आणि स्वयंपाकघर मिळून एकच लांब जागा केली, मध्ये भिंत नाही. शेगडी मधल्या ओट्यावर, आणि ओट्याच्या अलीकडे तीन उंच स्टुलं. चहा ओतताना समोरच्याच्या तोंडाकडे बघता यावं, हा हिशेब. त्या बाजूला पावसाचे चार महिने दार उघडायची सोय नसते, म्हणून खिडकीखाली रुंद कट्टा दिला. आलेल्या माणसांची पोरं तिथे लोळतील.

बाकी नकाशे कॉम्प्युटरवर होतात, पण एक चित्र मी अजून हाताने काढतो. शाई आणि जलरंग. जागेचा अंदाज यावा म्हणून त्यात माणसं बसवतो. या चित्रात घरचे पाच जण होते. आरामखुर्चीत आप्पा, शेजारी त्यांची बायको अक्काताई, दारात महादेव, कट्ट्यावर सहा वर्षांची नात शाल्मली आणि मधल्या ओट्यामागे, आपल्याकडे तोंड करून, माधवी. मधल्या स्टुलावर सहावी एक पाहुणी.

ही पाहुणी माझ्या प्रत्येक चित्रात असते. कॉलेजपासून तीच बाई, मान किंचित तिरकी, उजवा हात पुढे, डावा पाठीमागे. डावा पाठीमागे का, तर मला हात काढता येत नाहीत. एक कसाबसा उरकतो, दुसऱ्याच्या वाटेला जात नाही. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून मीही सुधारलो नाही.

भूमिपूजनाला त्यांनी ते चित्र पाटावर ठेवलं. आमच्याकडे बरेच लोक नकाशा पूजेत ठेवतात, मला त्याची सवय आहे. अक्काताईंनी मात्र चित्रातल्या एकेका माणसाला कुंकवाचं बोट लावलं आणि त्यावर अक्षता ठेवल्या. हे आप्पा, ही मी, ह्यो महादेव. पाच झाले आणि बोट सहाव्यावर थांबलं.

"ही कोण, सायेब?"

"कुणी नाही. पाहुणी आहे."

"पावणी व्हय? मग हिला बी अक्षत दिली पायजे की. अक्षत दिल्याबगर पावणी येणार कशी?"

लग्नाचं बोलावणं आम्ही घरोघर अक्षत देऊनच करतो. म्हातारीचा हिशेब तिच्या परीने बरोबर होता. मला गंमत वाटली. मी म्हणालो, "द्या की. जागा आहे तिला."

हे मी म्हणालो. आजूबाजूला निदान दहा माणसं होती, आणि सगळी हसली. अक्काताईंनी पाहुणीलाही कुंकवाचं बोट लावून अक्षता ठेवल्या.

कुंकू लागलेला कागद घडी घालून ठेवू नये असं अक्काताईंचं म्हणणं पडलं. म्हणून महादेवने त्याच संध्याकाळी खडेबाजारातून चित्राला काच लावून आणली.

पहिली खटकणारी गोष्ट फार किरकोळ होती. बांधकाम स्लॅबच्या पुढे गेलं होतं आणि मारुतीराव सुतार साइटवरच स्टुलं करत होता. तिनांतलं मधलं स्टूल दोन इंच उंच होतं.

"बाई येऊन बसून बघून गेल्या की," तो म्हणाला. "मधलं उंच करा म्हणाल्या."

"कोण बाई?"

"घरच्याच की. लई बोलल्या न्हाईत. एक हात मागं धरून हुब्या हुत्या."

मी माधवीला फोन केला. तिच्या शाळेत परीक्षा चालू होत्या, आठवडाभर ती साइटवर फिरकली नव्हती. एखादी नणंद, चुलती असेल, असं मी म्हटलं. मनात मात्र महादेवविषयी शंका आली. गिऱ्हाइकांच्या घरात काय काय निघतं ते मी पाहिलेलं आहे, आणि माझं डोकं अशा बाबतीत फार वेळ लावत नाही. दोन-तीनदा मी त्याला आडून आडून विचारलं. तो कोरा चेहरा करून ऐकत राहिला, त्यामुळे माझा संशय वाढलाच.

दिवाळीनंतर साइटवर गेलो तर शेगडीची जागा हललेली. मधल्या ओट्याचा दगड अखंड बसवला होता, शेगडीसाठी सोडायची खाच नाही. गॅसची नळी मागच्या भिंतीत नेली होती, आणि भिंतीशी नवा ओटा. तिथे उभं राहणाऱ्याची पाठ सगळ्या घराकडे झाली असती.

माझं टाळकं सरकलं. नागोजी गवंड्याला धारेवर धरलं.

"माधवीताईंनीच सांगितलं, सायेब. आप्पा बी हुते."

रविवारी मी सगळ्यांना साइटवर बोलावलं. माधवीने तो ओटा पाहिला आणि त्याच्या दगडावरून हात फिरवला. मग म्हणाली, "मी हे सांगितलेलं न्हाय."

"माझ्या म्होरं बोललीस गं," भावकू आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "शेगडी मागं घ्या, म्हणालीस. बुधवारी. मी हितंच विटांवर बसलोतो."

"बुधवारी मी खानापूरला ट्रेनिंगला गेलते, मामंजी. तुमीच मला बसवर सोडायला आलता."

आप्पा विचारात पडले. सोडायला गेल्याचं त्यांना आठवत होतं, आणि विटांवर बसल्याचंही. महादेव जमिनीकडे बघत होता. निघताना त्याने मला बाजूला घेतलं. "सर, ती आजकाल जरा विसरते. मनावर घेऊ नका." तो खोटं बोलत असावा असं मला वाटलं. मग वाटलं, आप्पा बोलत असावेत. गाडी सुरू करताना, खरं सांगायचं तर, माधवीचीही शंका आली.

संध्याकाळी तिचाच फोन आला.

"सर, घरात सारखं असं होतंय. मघाशीच बोललीस की, म्हणतात. मी बोललेलीच नसते. परवा शाल्मली म्हणाली, आई, मघाशी किती हसत हुतीस, आता गप का?" मग तिने विचारलं, "सर, तुम्ही तरी मला ओळखता न्हवं?"

"असलं काय विचारता, माधवीताई? ओळखतो की."

"मग माझी शेगडी मधी आणून द्या."

मी आणून दिली. तीन दिवस स्वतः उभा राहिलो. मागचा ओटा फोडला, नळी मधे आणली, दगडाला खाच पाडून घेतली आणि शेगडी बसल्यावर त्यावर चहा करून प्यालो. त्या चहाचा फोटो माधवीला पाठवला. तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. हे सगळं इतकं सविस्तर सांगतो आहे, कारण ते मी केलं याची मला खात्री आहे.

वास्तुशांत पंधरा दिवसांनी, भर दुपारी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाड्या लागल्या होत्या. बाहेर मांडवात पंगत चालू होती, आत सोप्यात माणसंच माणसं. कट्ट्यावर पोरं लोळत होती, आरामखुर्चीत आप्पा, दारात महादेव. घर मनासारखं भरलेलं पाहणं हे आमच्या धंद्यातलं सुख आहे, आणि क्षणभर मला ते मिळालं.

मधल्या उंच स्टुलावर एक बाई बसली होती. जरीची हिरवी साडी, भोवती शाळेतल्या बायका. कुणीतरी काही बोललं आणि सगळ्यात आधी ती हसली.

"या सर," ती म्हणाली.

"माधवी, सरांना पाणी दे गं," महादेव दारातून म्हणाला.

तिने उजव्या हाताने तांब्या पुढे केला.

तो चेहरा माधवीचा नव्हता असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. रंग तोच, बांधा तोच, आणि मी तिला भेटलो असेन फार तर दहा वेळा. पण मान किंचित तिरकी होती. ती मान कॉलेजपासून माझ्या हाताखालून गेलेली आहे.

मी भेट म्हणून पितळेची समई आणली होती, चांगली जड. ती दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. अशी वस्तू कुणी एका हाताने घेत नाही.

तिने समईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ठेवा की तिथंच," ती म्हणाली. डावा हात पाठीमागेच होता.

मी अक्काताईंना गाठलं. "माधवीताई कुठे आहेत?"

"ही काय म्होरं, सायेब. चष्मा बदला आता."

जवळच्या बायका हसल्या. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मधल्या ओट्यावर फळांची परडी होती. मी परडी उचलून बघितली. खाली दगड अखंड होता.

शेगडी मागच्या भिंतीशी होती. तिच्यासमोर कुणी नव्हतं. शेगडीवर चहाला आधण आलं होतं, आणि मी बघत असताना ते खाली बसलं, कुणी आच कमी करावी तसं.

मी पुढे गेलो नाही. जायला हवं होतं.

सोप्यातल्या भिंतीवर ते चित्र लावलं होतं. त्याच्यासमोर शाल्मली उभी होती. नवं परकर-पोलकं, आणि बाकीच्या पोरांत न मिसळता एकटीच.

"काय बघतेस?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "सर, आईला तिकडं तोंड करून का काढलासा?"

मी वाकलो.

चौकट खाली उतरवून उलटी केली. मागचा कागद कुठे फाटलेला नव्हता. खडेबाजारातल्या दुकानाची चिठ्ठी जागच्या जागी होती. पुन्हा सुलटी केली.

कुंकवाची बोटं सहा होती. चार माणसांवर चार. पाचवं रिकाम्या स्टुलावर. सहावं मधल्या ओट्यामागे, रिकाम्या जागेत.

मागच्या भिंतीशी, जिथे मी नुसता पिवळा रंग सोडला होता, तिथे एक बाई पाठमोरी उभी होती. तिला कुंकू नव्हतं.

तिने डावा हात कमरेवर उपडा टेकला होता, दिवसभर उभं राहिल्यावर बायका टेकतात तसा. पाचही बोटं वेगवेगळी दिसत होती. मनगटावर घड्याळ होतं, तबकडी आत वळवलेली. हात फार सुरेख उतरला होता.

मला हात काढता येत नाहीत.