मागच्या खोलीतलं कण्हणं

खरं वाटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण मी त्या घरात आजही राहते.

आणि हे रात्री घडलं नाही. लख्ख दुपार होती.

माझे मिस्टर शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. पुढच्या खोलीत दुकान, मागे संसार.

त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, पण दुखणं गेलं नाही. उलट पायात उतरलं. मास्तर मागच्या खोलीत पलंगावर पडून कण्हायचे. आधी एक लांब श्वास... मग "आई गं..." वर्षानुवर्षं हेच. मला तो आवाज पाठ झाला होता.

शेवटी डॉक्टरांनी कण्याजवळ बारीक तारा घातल्या. कमरेपाशी कातडीखाली छोटं यंत्र बसवलं. रिमोटवर चालणारं.

"दुखणं आतच राहील," डॉक्टर म्हणाले. "फक्त त्याची हाक तुमच्यापर्यंत पोचणार नाही."

आणि मास्तर उठले! पाठीत नुसत्या मुंग्या येतात म्हणाले.

"विंचवापेक्षा मुंग्या परवडल्या गं!"

दुकान पुन्हा उघडलं.

त्या दुपारी मी भांडी घासत होते. पुढून शिलाई मशीनची खडखड येत होती...

आणि मागच्या खोलीतून...

लांब श्वास.

"आई गं..."

माझा हात थांबला. शिलाई मशीन थांबलं नव्हतं.

मी मागे धावले. खोलीत कुणी नाही. चादर सपाट.

माझ्या डोळ्यांदेखत पलंग करकरला... कुणी कूस बदलावी तसा.

मी धडपडत दुकानात गेले. "अहो, ऐकलंत?"

"रोज ऐकतो," मास्तर मान खाली घालून म्हणाले. "तुला घाबरवायचं नव्हतं."

त्यांनी रिमोट दाबला. यंत्र बंद झालं. आवाज तिथल्या तिथे तुटला.

आणि मास्तर कळवळून दुमडले.

मीच घाईघाईने यंत्र चालू केलं. मागून कण्हणं सुरू...

"राहू दे चालू," मी म्हटलं. "रिकाम्या पलंगाची कसली कीव?"

खोलीला कुलूप लावलं. कुलपाने काय होतंय? आवाज वाढतच गेला. एके दिवशी तो मलाच हाका मारू लागला.

"अगं, पाणी दे ना... कुठे गेलीस गं..."

मी कानात बोळे घातले. गेले नाही.

मास्तर मात्र अर्धा शिवलेला ब्लाउज सुईखाली सोडून उठले.

"त्याला तुझ्याशिवाय कोण होतं? आणि मीही त्याला टाकून आलो."

"त्याला म्हणजे कुणाला हो?"

"अगं, मीच की तो."

त्यांनी कुलूप काढलं. पलंगावर आडवे झाले. यंत्र बंद केलं.

मग ते स्वतः कण्हू लागले. मी रडले. पण मनात म्हटलं, निदान आता आवाज एकच आहे.

काल दुपारी औषधाने त्यांचा डोळा लागला होता. ओठ घट्ट मिटलेले. मी उशाशी बसले होते.

लांब श्वास...

"आई गं..."

मास्तरांचे ओठ हललेही नव्हते.

त्यांनी डोळे उघडले. "यंत्र बंद आहे ना?"

बंदच होतं.

"मग हा कोण?"

मी उशाजवळचा रिमोट उचलून पदराला बांधला.

आता दोघंही कण्हतात. कधी आळीपाळीने... कधी एकदम. मास्तर रिमोटसाठी हात जोडतात. मी देत नाही.

पुन्हा चालू केलं... आणि तिसरा आला तर?